मोंझाची तिरकी भिंत आणि परातीतली गोटी

आईची पितळी परात आमच्याकडे अजून आहे. मागच्या रविवारी पोहे होईस्तोवर भाचा तिच्यात गोटी फिरवत बसला होता. वय वर्षं सव्वीस, पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, आणि हातात गोटी! परात दोन्ही हातांनी धरून गोल हलवली की गोटी आधी तळाशी घरंगळते. वेग आला की कडेवर चढते आणि तिथेच फिरत राहते. हात थांबवले की गोल गोल फिरत खाली येते.

"मामा, नॅट्रॅक्सचा ट्रॅक असाच आहे," तो म्हणाला. "वळणावर रस्ताच उभा राहतो."

इंदूरहून पीथमपूरला जाणाऱ्या बहुतेकांना नॅट्रॅक्स नावानं माहीत असतं, पण आत काय आहे ते फार कुणी पाहिलेलं नसतं. गाड्यांच्या चाचण्यांची ती सरकारी जागा. २०२१च्या जूनमध्ये तिथला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक सुरू झाला. आशियातला सगळ्यात लांब, असं तेव्हा पेपरात ठळक छापून आलं होतं. आमच्या कॉलनीत आठवडाभर त्याचीच चर्चा, जणू ट्रॅक आम्हीच बांधलाय. त्या बातम्यांत एक आकडा असा होता की ज्याचा अर्थ कुणीच सांगितला नव्हता: वळणांवर 'न्यूट्रल स्पीड' ताशी २५० किलोमीटर.

या आकड्याचा अर्थ कळायला मिलानजवळच्या मोंझाला जावं लागतं. फॉर्म्युला वनची शर्यत बघणाऱ्यांना मोंझा सांगायला नको. न बघणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं: जगातल्या सगळ्यात वेगवान रेस ट्रॅकपैकी तो एक, शंभर वर्षांहून जुना, आणि अजून चालू. त्याच्याच आवारात, झाडांमध्ये, काँक्रीटची एक प्रचंड तिरकी भिंत उभी आहे. एके काळी तिच्यावरून रेसच्या गाड्या धावत. आज ती रिकामी आहे. ती का बांधली आणि का सोडून दिली, या दोन प्रश्नांत मोंझाचा अर्धा इतिहास येतो.

आधी गोटीचं बघू. धावणाऱ्या कुठल्याही वस्तूला सरळच जायचं असतं. वळायचं असेल तर कुणीतरी तिला सतत आतल्या बाजूला ढकलत राहावं लागतं. सपाट रस्त्यावर हे काम एकटे टायर करतात, रस्त्याला चिकटून, घर्षणानं. खंडवा रोडवर भेरूघाटात गाडी जोरात घातली की आपण दाराकडे फेकले जातो, ते याच हिशोबापायी: गाडी वळली, आपल्याला अजून सरळच जायचं असतं. हिशोबातली वाईट बाब अशी की वेग दुप्पट झाला की आत ढकलण्याची गरज दुप्पट होत नाही, चौपट होते. चाळीसनं जे वळण आरामात निघतं ते ऐंशीनं घेताना टायरकडून चौपट काम मागितलं जातं. कुठेतरी टायर हात टेकतात आणि गाडी रस्ता सोडते.

उपाय म्हणजे रस्ताच तिरका करायचा, बाहेरची कड वर. मग रस्ता गाडीला नुसता वर उचलून धरत नाही, थोडा आतही ढकलतो. प्रत्येक उताराचा असा एक वेग असतो की त्या वेगाला वळण्याचं सगळं काम रस्ता करतो, टायरवर बाजूनं काहीच ताण येत नाही. हा न्यूट्रल स्पीड. तेवढ्या वेगात ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचे हात काढले तरी तत्त्वतः गाडी वळणावरून आपसूक निघते. त्याहून हळू गेलं तर गाडी आत, खाली सरकू बघते. जोरात गेलं तर बाहेर, वर.

लहानपणी ग्वाल्हेरच्या मावशीकडे गेलो की मेळ्यात 'मौत का कुआँ' बघायला आम्ही हट्ट धरायचो. लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटरसायकल आडवी पळते, ते याच तत्त्वाचं टोक. भिंत पार उभी, म्हणून नुसत्या आधारावर भागत नाही, घर्षणही लागतं. फळ्या खडखडतात, वरच्या कडेला वाकलेले लोक नोटा पुढे करतात आणि तो पठ्ठ्या एका हातानं त्या ओढून घेतो. मावशी दर वेळी म्हणायची, "त्याची आई कुठंय?"

मोटार रेसिंगवाल्यांना ही युक्ती फार लवकर सुचली. इंग्लंडमधला ब्रुकलँड्स १९०७चा, त्याची वळणं तिरकी. अमेरिकेतला इंडियानापोलिस १९०९चा, त्याची वळणंही तिरकी, पण बेताचीच. इटलीकडे मात्र फियाट होती, अल्फा रोमिओ होती, वेडे ड्रायव्हर होते, आणि हक्काचा ट्रॅक नव्हता. मिलानच्या ऑटोमोबाइल क्लबला १९२२ साली पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्तानं क्लबनं मोंझाच्या राजवाड्याच्या बागेत ट्रॅक बांधायचं ठरवलं. ही बाग नेपोलियनच्या काळातली, भिंतींनी वेढलेली, सुमारे सातशे हेक्टर पसरलेली. आपल्याकडे कुणी इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या आवारात रेसचा ट्रॅक काढायचं ठरवलं तर जे होईल तेच तिथेही झालं. झाडं, निसर्ग, वारसा यावरून आक्षेप आले, काम थांबलं, आणि चौदा किलोमीटरचा मूळ बेत कापून दहावर आला.

मे महिन्यात परवानगी मिळाली आणि मग त्यांनी जे केलं ते ऐकून आपल्या कंत्राटदारांनी कान पकडावेत. साडेतीन हजार माणसं, माल आणायला बागेतच टाकलेली पाच किलोमीटरची छोटी रेल्वेलाइन, आणि ११० दिवसांत ट्रॅक तयार. ३ सप्टेंबर १९२२ला उद्घाटन झालं आणि १० सप्टेंबरला इटालियन ग्रांप्री. फियाटचा पिएत्रो बोर्दिनो जिंकला.

त्या दहा किलोमीटरचे दोन भाग होते, आणि पुढचं सगळं यावर उभं आहे म्हणून इथे जरा थांबतो. एक साधा रस्त्यासारखा ट्रॅक, साडेपाच किलोमीटरचा, डावी-उजवी वळणं असलेला. दुसरा साडेचार किलोमीटरचा लंबगोल, ज्याची दोन्ही टोकं तिरकी. दोन्ही असे जोडलेले की गाडी एक फेरी रस्त्याची, लगेच एक लंबगोलाची, अशी मिळून दहा किलोमीटर धावायची. मुख्य सरळ पट्टी दोन्हींना सामाईक. तिच्यावरून प्रत्येक फेरीत गाडी दोनदा जायची. म्हणजे एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी, एक गाडी फेरीच्या मध्यावर आणि दुसरी फेरीच्या शेवटी. प्रेक्षकांना कोण पुढे कोण मागे हे कसं कळत असेल, देव जाणे.

ट्रॅकनं माणसं खायलाही लगेच सुरुवात केली. १९२३ साली सराव करताना अल्फा रोमिओचा उगो सिवोची इथेच गेला. त्याच वर्षी टार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकताना त्याच्या गाडीवर पांढऱ्या चौकोनात चार पानांचं हिरवं क्लोव्हर, म्हणजे तिकडे शुभ मानलं जाणारं पान, रंगवलेलं होतं. मोंझातल्या गाडीवर ते नव्हतं. तेव्हापासून अल्फाच्या रेसिंग गाड्यांवर ते क्लोव्हर त्रिकोणात काढतात. चौकोनाचा एक कोपरा त्याच्यासाठी गाळला, असं सांगतात. १९२८ला एमिलिओ मातेरास्सीची गाडी गर्दीत घुसली. तो आणि वीसहून जास्त प्रेक्षक गेले.

१९३३च्या सप्टेंबरमधला एक रविवार तर मोंझाचा काळा दिवस म्हणूनच ओळखला जातो. ग्रांप्री झाल्यावर त्याच दिवशी नुसत्या लंबगोलावर आणखी एक शर्यत होती. तिच्या सुरुवातीच्या एका पात्रता-शर्यतीत (हीटमध्ये) एका ड्यूसेनबर्ग गाडीतून दक्षिणेकडच्या तिरक्या वळणावर तेल सांडल्याचं सांगतात. त्यानंतरच्या शर्यतींत ज्युसेप्पे काम्पारी, बाकोनिन बोर्झाकीनी आणि स्तानिस्लास चायकोव्स्की हे तिघंही त्याच वळणावर गेले. तिरक्या रस्त्याबद्दल एक धडा त्यात आहे: वळण्याचं थोडं काम रस्त्यानं उचललं म्हणून ड्रायव्हर जास्त वेगानं येतो, म्हणजे उरलेल्या कामासाठी टायर पुन्हा टोकावरच. तेल सांडलं की ते टोक निघून जातं. (ड्यूसेनबर्ग हे नाव इंदूरकरांना परकं नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी याच अमेरिकन कंपनीची गाडी, लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास बॉडी बांधून घेऊन, मागवली होती. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ती आजही जगभर नावाजली जाते. माणिकबाग राजवाड्यात राहणाऱ्या राजाला शोभेलशीच.)

जुना तिरका ट्रॅक १९३८-३९मध्ये पाडला. मग महायुद्ध. १९४५ला मित्रराष्ट्रांच्या रणगाड्यांचं संचलन याच सरळ पट्टीवरून झालं आणि पट्टीची वाट लागली. १९४८ला दुरुस्ती होऊन शर्यती पुन्हा सुरू.

तिरकी भिंत इथेच संपायला हवी होती. तीन-तीन माणसं एका दुपारी गेलेल्या जागी पुन्हा तेच कोण बांधेल? त्यांनी बांधलं, आणि आधीच्यापेक्षा कितीतरी तिरकं. १९५५ला जी उभी राहिली तीच भिंत आज झाडांत दिसते. वळणाची त्रिज्या साधारण ३२० मीटर, आणि वरच्या कडेला उतार ८० टक्के. ८० टक्के म्हणजे दहा फूट आडवं गेलं की आठ फूट वर. आपल्या घराच्या जिन्याचा चढ साधारण साठ टक्क्यांच्या आसपास असतो. जिन्याहून उभी काँक्रीटची कड, आणि तिच्यावर गाडी. फोटोत माणसं तिच्यावर चढताना हात टेकतात.

तळाशी उतार कमी आणि वर जाऊ तसा वाढत जाणारा, अगदी परातीच्या कडेसारखा. हे मुद्दाम केलेलं असतं. अशा भिंतीवर प्रत्येक उंचीचा न्यूट्रल स्पीड वेगळा असतो. हळू गाडीनं खालून जायचं, जोरातल्या गाडीनं वरून, आणि दोघींना आपापल्या जागी रस्ता सांभाळून घेतो.

आता थोडं गणित, घाबरण्यासारखं नाही. त्रिज्या ३२० आणि उतार ८० टक्के धरला तर अगदी वरच्या कडेचा न्यूट्रल स्पीड येतो ताशी १८० किलोमीटरच्या जवळपास. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा खोटा वाटला, दोनदा काढून बघितला. कारण गाड्या तिथून याच्यापेक्षा कितीतरी जोरात जायच्या. १९५७ आणि ५८ला इंडियानापोलिसवर धावणाऱ्या अमेरिकन इंडी गाड्यांना बोलावून नुसत्या लंबगोलावर पाचशे मैलांची शर्यत ठेवली, तेव्हा फेरीचा सरासरी वेग २८०च्या वर गेला होता. भिंत १८०ची, गाडी २८०ची. मधला फरक कुणी भरायचा? टायरनीच.

तिरक्या वळणात आणखी एक भानगड असते. सपाट रस्त्यावर वळताना गाडीचं वजन वाढत नाही. भिंतीवर वाढतं, कारण बाहेर जाऊ बघणारी गाडी भिंतीतच दाबली जाते. २८०नं त्या कडेवर गाडी जवळजवळ दुप्पट जड होते. सातशे किलोची गाडी चौदाशेची असल्यासारखी टायरवर बसते, स्प्रिंगा पार दाबल्या जातात, ड्रायव्हरची मान छातीत जाते. आणि काँक्रीट काही आरसा नव्हतं. खांबांवर उभे केलेले तुकडे, त्यांचे जोड, जोडावर खड्डे-उंचवटे. दुप्पट वजनाची गाडी तिथे आपटत जायची.

पहिल्याच वर्षी, १९५५च्या ग्रांप्रीच्या सरावात, फेरारी टीमचा ड्रायव्हर फरीना याच्या लान्सिया गाडीचा टायर भिंतीवर फुटला. तो वाचला, पण फेरारीनं त्या लान्सिया गाड्या शर्यतीत उतरवल्याच नाहीत. १९५६लाही टायरांची तीच रड. त्या शर्यतीतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फेरारीचा मुख्य ड्रायव्हर फांजिओ याची गाडी बिघडून बंद पडली. त्याच्याच टीमचा पीटर कॉलिन्स, चोवीस वर्षांचा, स्वतः विश्वविजेता होण्याच्या शर्यतीत अजून होता. तो पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागी, आला, गाडीतून उतरला, आणि गाडी फांजिओला दिली. तेव्हा नियमात असं बसायचं. फांजिओ दुसरा आला आणि विश्वविजेता झाला. आजचा कुणी ड्रायव्हर आपली गाडी दुसऱ्याला देईल? रेडिओवर वकिलाला बोलावेल.

१९६०ला इंग्लंडच्या टीमनी सांगूनच टाकलं की भिंत धोकादायक आहे, आम्ही येत नाही. त्यांच्या गाड्या हलक्या, इंजिन मागे. लांब सरळ पट्ट्या आणि भिंत जोरकस इंजिनाच्या फेरारीच्या फायद्याची, म्हणून आयोजकांनी दहा किलोमीटरचा ट्रॅक निवडला अशी तेव्हा उघड चर्चा होती. फेरारीच जिंकली, फिल हिल. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतींतला तो शेवटचा विजय.

१९६१ला पुन्हा तोच ट्रॅक. दुसऱ्याच फेरीत वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी आणि जिम क्लार्कची लोटस एकमेकींना घासली. फेरारी बांधावर उडाली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक गेले. अपघात भिंतीवर झाला नव्हता. पाराबोलिका नावाच्या वळणाच्या आधीच्या सरळ रस्त्यावर झाला, त्यात भिंतीचा काही दोष नव्हता. तरी शिक्षा भिंतीला झाली, फॉर्म्युला वनची शर्यत तिच्यावर त्यानंतर झाली नाही. १९६३ला सरावापुरत्या गाड्या पुन्हा वर चढवल्या, आणि तो नाद तिथेच सोडला. स्पोर्ट्स कारच्या हजार किलोमीटरच्या शर्यती १९६९पर्यंत भिंतीवरून होत राहिल्या. मग त्याही बंद.

माझ्या मते भिंत अपघातांनी मेली नाही, मोंझाला अपघातांची सवय होती. ती वेगानं मेली. गाड्यांचा वेग वर्षागणिक वाढतो आणि काँक्रीटचा उतार आहे तिथेच राहतो. १८०ची भिंत १९२२ला बांधली असती तर तीस वर्षं पुरली असती. १९५५ला ती बांधून झाली त्या दिवशीच लहान पडली होती. आणि भिंत गेल्यानंतरही गाड्या हळू झाल्या नाहीत. १९७१ला सपाट ट्रॅकवर पीटर गेथिन सरासरी २४२.६ किलोमीटर वेगानं जिंकला, दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या शंभराव्या भागानं पुढे. पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले. आमच्या बघण्यातल्या वरातीत पाच लोक एका दारातून आत जायला याच्यापेक्षा वेळ घेतात. पुढच्याच वर्षी वेग मोडण्यासाठी सरळ पट्ट्यांवर नागमोडी अडथळे घातले, त्यांना शिकेन म्हणतात. गेथिनचा विक्रम तरीही २००३मध्ये मोडला, तोही मोंझातच, शूमाकरनं. २०२५ला वेर्स्टापेननं त्याच ट्रॅकवर सरासरी अडीचशेच्या वर नेली.

हे सपाट वळणावर जमतं कसं? आता वजन वाढवायचं काम हवा करते. गाडीवरचे पंख विमानाच्या पंखाच्या उलटे लावलेले असतात, हवा गाडीला खाली दाबते, टायर रस्त्याला जास्त चिकटतात. भिंतीत गाडी दाबली जायची तसंच, वेग वाढला की दाबही आपोआप वाढतो, पण इथे त्यासाठी रस्त्याला उतार लागत नाही. पंखांची किंमत सरळ पट्टीवर द्यावी लागते, हवा अडवते म्हणून. मोंझात सरळ पट्ट्या एवढ्या की तिथे टीम वर्षातले सगळ्यात बारीक पंख लावून येतात.

मग पीथमपूरला पुन्हा तिरकी भिंत का? कारण तिथे शर्यत नाही, चाचणी आहे. एखादी गाडी तासन्‌तास एका वेगात, न थांबता, न वळल्यासारखी चालवून बघायची असते. नॅट्रॅक्सच्या दोन सरळ पट्ट्या साधारण दोन-दोन किलोमीटरच्या, म्हणजे उरलेलं सात किलोमीटर दोन वळणांत वाटलेलं. अर्धवर्तुळं धरली तर त्रिज्या किलोमीटरभर येते, मोंझाच्या तिप्पट. वळण एवढं मोठं असलं की अडीचशेच्या न्यूट्रल स्पीडसाठीही जिन्याएवढा उतार लागत नाही, आणि गाडी दबतही नाही तेवढी. मोंझाला बागेच्या भिंतीत मावायचं होतं. इथे जमीन मोकळी होती. तेवढाच काय तो फरक, पण सगळा खेळ त्याचाच.

पोहे आले. शेव, जिरावण, वर लिंबू. मी भाच्याला विचारलं, "मग तू गेलास का वरच्या लेनमध्ये? अडीचशेनं, हात सोडून?"

त्यानं गोटी परातीतून काढून खिशात टाकली.

"आमचा लोडिंग टेम्पो आहे, मामा," तो म्हणाला. "आम्ही खालच्या लेनवाले."